वाटबाबाचा बाण

आमच्या भूगोलाच्या सरांनी शाळेतल्या एकाही शिक्षकाला कधी नावानं हाक मारली नाही. जो जे शिकवी, तेच त्याचं नाव. "गणित आज दिसून नाई राह्यलं," असं ते शिपायाला म्हणत आणि "विज्ञानाले ताप आहे, त्याचा तास मी घेतो," असं हेडमास्तरांना परस्पर सांगून टाकत. मी मराठी शिकवायला रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. नजर माझ्या चपलांवर येऊन थांबली. "मराठी, ह्या चपलेनं जंगलात जमाचं नाई. बूट घेजो." मी जंगलात जाणार आहे हे तोवर मला ठाऊक नव्हतं.

शाळा बोर धरणाच्या अलीकडच्या एका गावात होती. वर्गाची मागची खिडकी उघडली की आधी वांग्याची आणि टमाट्याची वावरं, त्यांच्या पलीकडे टेकड्या आणि टेकड्यांवर जंगल. आज त्या जंगलात जायला तिकीट लागतं, जिप्सी लागते, गाईड लागतो आणि वाघ दिसला नाही तर लोक फसवल्यासारखी तोंडं करून परततात. तेव्हा ते नुसतं जंगल होतं. सर दर रविवारी तिथं जात. टेकडीमागून टेकडी, नाल्यामागून नाला असं त्यांनी ते सगळं पायाखाली घातलं होतं. "हे जंगल पहिल्यांदा मी फिरलो," असं ते बिनदिक्कत सांगत. गुरं चारणारे, मोहाची फुलं वेचणाऱ्या बाया आणि ऐन जंगलात एक लहानसं गाव होतं तिथली माणसं, ही मंडळी सरांच्या हिशेबात धरलेली नसत. ते तिथं राहत होते, फिरत नव्हते, असा काहीतरी त्यांचा युक्तिवाद असे.

त्यांचा जंगलातला पोशाख ठरलेला होता. पांढरा शर्ट, सायकलची क्लिप लावून आवळलेली पँट, पायात बूट आणि हातात बाराही महिने काळी छत्री. छत्रीचे उपयोग ते वर्गात शिकवल्यासारखे सांगत. ऊन लागलं तर उघडायची, साप दिसला तर मिटायची, आणि वानरं अंगावर आली तर एकदम उघडायची. वानराला उघडणारी वस्तू आवडत नाही, हा त्यांचा शोध. मी तो एकदा करून पाहिला. वानर गेलं, पण जाताना छत्री घेऊन गेलं, आणि ती छत्री सरांची होती. पुढचा आठवडाभर त्यांनी मला "व्याकरण" म्हणून हाक मारली. माझ्या विषयातला तो भाग त्यांना सगळ्यात नावडता होता.

अस्वलासाठी मात्र छत्री चालत नाही. अस्वल समोर आलं तर पळायचं नाही, मोठ्या आवाजात बोलत राहायचं, असं सर सांगत. पण अस्वलाशी काय बोलणार, हा प्रश्न उरतोच. मोहाच्या दिवसांत एकदा वळणावर ते खरोखरच समोर आलं. माझी वाचा बसली. सरांनी छत्री काखेत धरली, घसा साफ केला आणि वर्गात म्हणतात त्या चालीवर जिल्ह्यातले तालुके म्हणायला सुरुवात केली. वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट. अस्वल थांबलं. समुद्रपूर, आर्वी. अस्वलानं मान वळवली. आष्टी झालं आणि ते झुडपात शिरलं. कारंजा म्हणायचं राहिलं ते सरांनी अस्वल गेल्यावर म्हटलं, कारण अर्धवट उत्तराला ते गुण देत नसत.

सर मूळचे पुलगावचे. वडील मिलमध्ये होते आणि दीक्षेच्या वेळी सुट्टी टाकून नागपूरला गेलेले. तेव्हापासून त्यांच्या घरात देवघर नाही, नवस नाही, उपास नाही. घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी जिल्ह्याचा नकाशा, दोन्ही सारख्याच चौकटीत. "दगडाले हात जोडाचे नाई," ते पोरांना सांगत, "दगडाले ओळखाचं." जंगलात चालता चालता एखादा दगड उचलून ते त्याची जात सांगत, वय सांगत. जात विचारावी ती फक्त दगडाची, असंही एक वाक्य ते वर्षातून एकदा म्हणत, आणि ते म्हणताना त्यांच्या तोंडावर हसू नसे.

आणि त्यांचा तो प्रश्न. "याच्या आधी इथं काय होतं?" सरांच्या हाताखालून गेलेल्या कोणालाही विचारा, त्याला भूगोलाचं दुसरं काही आठवणार नाही, पण हा प्रश्न आठवेल. धरणाच्या भिंतीवर उभं केलं की याच्या आधी इथं काय होतं. डांबरी रस्ता, याच्या आधी काय होतं. चहाच्या टपरीवर टपरीवाल्याला विचारत, आणि तो बिचारा टपरीच्या आधी पानठेला होता, पानठेल्याच्या आधी रिकामी जागा होती, असं मागे मागे जात राही. उत्तर "काही नव्हतं" असं आलं की सर संतापत. "काई नव्हतं असं काई नसते. तुले माहीत नाई, असं म्हण." आत्ता मी बोरगाव मेघेला जिथं राहतो, तिथून दोन गल्ल्यांवर सरांचं घर आहे. आमच्या कॉलनीत नवी पाटी लागली तरी ते पाटी वाचत नाहीत. पाटीखाली उभे राहून कोणाला तरी आधीचं विचारतात.

त्यांचा एक दोष म्हणजे खरं बोलणं. याला दोष म्हणावं लागतं, कारण त्यांच्या खऱ्याला वेळकाळ नसे. एकदा शाळेची तपासणी होती. आमच्याकडे भूगोलाच्या साहित्याच्या नावानं फाटका नकाशा होता, म्हणून हेडमास्तरांनी शेजारच्या शाळेतून पृथ्वीगोल मागून आणला आणि टेबलावर मांडला. तपासायला आलेले साहेब खूश झाले. मुलांना याचा उपयोग होतो का, असं त्यांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, "आज सकाळी आणला साहेब. संध्याकाळी वापस जाणार आहे. मधात जेवढा होईन तेवढा होते उपयोग." त्यानंतर हेडमास्तर सरांशी महिनाभर बोलले नाहीत. सरांना त्यातलं काही लक्षात आलं नाही, कारण ते स्वतःही हेडमास्तरांशी फारसं बोलत नसत. मी विचारलं, थोडं सांभाळून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते मला पुढे फार जड जाणार होतं. "मराठी, तुह्या विषयात चालत असन. भूगोलात नाई चालत. गाव जिथं आहे तिथंच दाखवा लागते."

आता वाटबाबाकडे येतो.

ही गोष्ट सुरू होते मी शाळेत येण्याच्या आधी. सर नवे नवे जंगलात जाऊ लागले तेव्हा एकदा वाट चुकले. दिवसभर फिरून फिरून त्याच नाल्यावर येत राहिले आणि उन्हं कलताना कसेबसे त्या आतल्या गावात पोचले. एका घरासमोर एक नवी सून पाण्याची गुंडी घेऊन उभी होती. तिनं काही न विचारता पाणी दिलं, मग गूळ दिला. पुढे तिचाच मुलगा शालिक आमच्या शाळेत आला, मागच्या बाकावर बसला आणि भूगोलात नापास झाला. सरांनी त्या पाण्याची आठवण ठेवून त्याला एकही गुण वाढवून दिला नाही.

वाट चुकल्याचं सरांना फार लागलं. भूगोलाचा मास्तर हरवला म्हणजे काय. त्यांनी खुणा करायचं ठरवलं. आधी झाडांना चिंध्या बांधल्या, त्या गुराख्यांनी सोडून बैलांच्या दोरांना लावल्या. मग खडूनं बाण काढले, ते पहिल्याच सरीत गेले. शेवटी शाळेची दारं रंगवून उरलेला लाल ऑईलपेंटचा डबा त्यांनी मागून घेतला आणि जंगलात जिथं जिथं वाट फुटते तिथं तिथं बाण काढले. कुठे खोडावर, कुठे दगडावर. जिथं तीन वाटा एकत्र येतात, त्या दरीच्या वरच्या वळणावर गुडघाभर उंचीचा एक उभा दगड होता. त्याच्यावर त्यांनी सगळ्यात ठसठशीत बाण काढला. त्याचं टोक गावाकडे, म्हणजे पाण्याकडे.

झाडं वाळली, साली सुटल्या, दगड गडगडले. बाकीचे बाण गेले. तो एक राहिला. मी सरांबरोबर पहिल्यांदा त्या वळणावर गेलो तेव्हा दगडापुढे नारळाची करवंटी होती, हिरव्या डहाळ्यांचा ढीग होता आणि बाणावर बोटभर जाड शेंदूर. कोणाची तरी म्हैस हरवली होती आणि ती म्हणे त्या दगडापाशी सापडली. म्हशीनंतर एक बैल सापडला, मग घर सोडून गेलेला एक पोरगा परतला. दगडाला नाव पडलं वाटबाबा. जो हरवला त्याला वाट दाखवतो. बरेच दिवस त्या वळणाकडे न फिरकलेले सर बघतच राहिले. मग त्यांनी खिशातला चाकू काढला आणि शेंदूर खरडायला बसले. "माह्या बाणाले गिळलं यायनं," एवढंच बोलले.

पुढच्या रविवारी शेंदूर परत होता. सरांनी परत खरडला. हे युद्ध त्या सबंध उन्हाळ्यात चाललं. गावकऱ्यांनी त्यांना कधी अडवलं नाही. खरडून झालं की कोणीतरी प्यायला पाणी आणून देई. सर मग गावाच्या पारावर उभे राहून भाषण देत. हा देव नाही, हा मी रंगवलेला दगड आहे, शाळेच्या दाराचा रंग आहे. लोक मन लावून ऐकत. शालिकची माय तर हातातलं काम टाकून ऐकायची. एकदा भाषण संपल्यावर ती म्हणाली, "बाबानंच तुमाले बुद्धी देली असन सर, रंगव म्हणून." सरांनी चाकू मिटून खिशात टाकला. पाऊस लागला, जंगलात जाणं थांबलं, आणि पावसाळ्यानंतर त्यांनी चाकू नेला नाही.

वर्षातून एकदा, पळस फुलला की, तिथं रोडग्यांचा स्वयंपाक असे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, वर तूप, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. सर दरसाल जात, लोकांची अंधश्रद्धा दूर करायला. आधी समजावून सांगत, मग पंगतीला बसत. प्रसाद म्हणून दिलेला रोडगा ते हात लावून बाजूला सारत. तोच रोडगा जेवण म्हणून वाढला की खात. शालिकच्या मायला हे कळलं होतं. ती त्यांच्यासमोर येऊन मोठ्यानं सांगे, "सर, हे जेवण आहे," आणि पानात दोन टाके.

वर्षं गेली. जंगलाला आधी अभयारण्याची पाटी लागली, मग व्याघ्र प्रकल्पाची. आतलं गाव उठलं आणि बाहेर, रस्त्याच्या कडेला नव्यानं वसलं. त्यांना घरं मिळाली, नळ मिळाला, पोरांना शाळा जवळ आली. शालिक जिप्सी चालवू लागला आणि गाईडचंही काम करू लागला. मी त्याच्या मायला विचारलं, बरं आहे का इथं? ती म्हणाली, बरं आहे, खोटं कायले बोलू. पण पळस फुलला की तिचा जीव लागत नसे. वाटबाबाच्या त्या एका दिवशी त्यांना आत सोडत. दगडापाशी पाला ठेवायचा, रोडगे करायचे, आणि परतताना जुन्या गावावरून यायचं. घरं तर राहिली नव्हती. तिच्या अंगणातलं बोरीचं झाड राहिलं होतं, ते ती बघून यायची. वर्षभर पुरे तेवढं तिला त्यात मिळत असे.

मग यंदा प्रश्न आला. वनखात्यात नव्या साहेब आल्या. तरुण होत्या, समजदार होत्या, आणि त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. जंगल राखीव होण्याच्या आधीपासूनची जागा असेल तर एक दिवस जरूर जा, सोबत माणूस देते. पण नंतर बसवलेला दगड असेल तर नाही. एकाला सोडलं तर दर वळणावर एक शेंदूर उभा राहील. गावकरी म्हणाले, आजा-पणजापासूनचा आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणणारच. गावाबाहेरचं कोणी सांगणारं आहे का, ज्यानं तेव्हाचं जंगल बघितलं आहे?

असा माणूस जिल्ह्यात एकच होता. देव न मानणारा, खोटं न बोलणारा, आणि सगळ्यांच्या आधी जंगल फिरलेला. त्याच्यासारखा साक्षीदार शोधून सापडला नसता. शालिक सरांकडे आला तेव्हा मी तिथंच होतो. त्याला चहा मिळाला, मग त्यानं विषय काढला.

"सर, बाकी काई नोका सांगू. बाबा जुना आहे, एवढंच म्हणा."

"किती जुना ते मले बरोब्बर माहीत आहे," सर म्हणाले. "त्याच्याहून माही सायकल जुनी आहे."

शालिक हळूच म्हणाला, "माह्या मायचे गुडघे गेले सर. अजून किती वर्सं जाईन ती?"

सरांनी त्याला येतो म्हणून सांगितलं. खरं तेच सांगीन, हेही सांगितलं. शालिक मान खाली घालून गेला.

सरांचा इतका वाईट आठवडा मी कधी पाहिला नव्हता. आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण संध्याकाळचं फिरणं चुकवत नाहीत. त्या आठवड्यात ते गल्लीच्या तोंडापर्यंत येत आणि परत फिरत. नव्या बांधकामापुढून गेले तरी कोणाला आधीचं विचारलं नाही. मी समजावून पाहिलं. म्हटलं, एवढीशी गोष्ट, एक शब्द इकडचा तिकडे. एका म्हातारीला तिचं झाड दिसेल. ते म्हणाले, "मराठी, आयुष्यभर पोट्ट्याईले सांगतलं का हा दगड आहे. आता मीच उठून याले देव म्हणू?" मग चहाचा कप उचलला आणि तसाच धरून ठेवला. "नाई गेलो तर?" त्यांनी मला विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, "ते बी खोटंच." त्यांच्या हातातला चहा गार झाला होता. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्यावाचून दुसरं कोणी मला तितकं जवळचंही वाटत नव्हतं.

बैठक नव्या वस्तीतल्या समाजमंदिरात होती, भर दुपारी. सतरंजीवर बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला, समोर टेबलामागे साहेब. शालिकची माय खांबाला टेकून पाय लांब करून बसली होती. सर बूट घालून आले होते, पँटला क्लिप लावलेली. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. वर्गात ते कधी बसून शिकवत नसत.

साहेबांनी अदबीनं विचारलं, तुम्ही पहिल्यांदा ती जागा पाहिली तेव्हा तिथं देव होता का?

"नव्हता," सर म्हणाले. "देव आता बी नाई. तो मी रंगवलेला दगड आहे. शाळेच्या दाराचा लाल ऑईलपेंट. वाट चुकू नये म्हणून मी त्याच्यावर बाण काढलता. शेंदूर मंग लागला."

बाहेर कोणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला. शालिकच्या मायनं पदर सारखा केला आणि ती सतरंजीकडे बघू लागली. साहेबांनी सरांचे आभार मानले आणि पेनाला टोपण लावलं. सर तसेच उभे होते. मास्तर म्हणून त्यांना मी पुष्कळ वेळा उभं पाहिलं होतं. असे उतरलेले कधी पाहिले नव्हते.

तेव्हा मागून शालिक उठला. पन्नाशीला आलेला माणूस, पण सरांसमोर उठताना त्यानं हात मागे बांधले.

"सर, एक पुसू का?"

सरांनी मान हलवली.

"तुमी बाण काढला. त्याच्या आधी तिथं काय होतं?"

प्रश्न सरांचाच होता. आम्ही सगळ्यांनी तो हजार वेळा ऐकला होता. पण सरांना तो कोणी कधी विचारला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. सरांनी लगेच तोंड उघडलं, बहुधा काही नव्हतं म्हणायला, आणि उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मग त्यांनी डोळे मिटले.

"दगड होता," ते म्हणाले.

"पडलेला?"

"नाई. उभा होता." ते थांबले. पुढचं ते शालिकला सांगत नव्हते, स्वतःशीच पाहून पाहून बोलत होते. "गोल दगड. नदीतला गोटा. टेकडीवर सगळा काळा फुटका दगड आहे, तिथं नदीतला गोटा कुठून येईन? आपोआप चढत नाई तो. अन् आपोआप उभा बी राहत नाई." त्यांनी डोळे उघडले. "कोणी तरी नदीतून उचलून नेला. तिवाट्यावर गाडला. ज्याले वाट माहीत होती, त्यानं."

साहेबांनी टोपण काढलं होतं, पण त्या लिहीत नव्हत्या.

"त्याच्या पायाशी पाला होता," सर म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "हिरवा डहाळा. त्याच दिवशी कोणी ठेवला असन. बाण नीट दिसला पाह्यजे म्हणून मी तो पायानं सारला."

शालिकची माय खांबाजवळून म्हणाली, "मी लग्न होऊन आली न सर, तवा सासूनं घरात पाय टाकू देला नाई. आधी तिथं पाला ठेवाले लावला. म्हणे, इथून वाट चुकत नाई." ती अगदी साधेपणानं सांगत होती, तक्रार म्हणून नाही.

"हे मले कधी सांगतलं नाई तुमी," सर म्हणाले.

"तुमी पुसलं कुठं. तुमी तर भाषण देत होते."

बाया हसल्या. सरही हसायला गेले, पण त्यांना जमलं नाही. ते साहेबांकडे वळले. "मॅडम, लिहा. देवाचं मले काई माहीत नाई. पण दगड माह्या आधीचा आहे. अन् पाला बी." मग त्यांना खुर्ची दिसली आणि ते तिच्यावर बसले. शेजारी मी होतो. "मराठी," ते हळू म्हणाले, "मी पहिला नव्हतो रे." मी नुसती त्यांची छत्री नीट करून ठेवली.

साहेबांनी एक दिवस मंजूर केला.

पळस फुलला तेव्हा आम्ही गेलो. शालिकनं सरांना जिप्सीत पुढे बसवलं, त्याच्या मायला मागे, मला तिच्या शेजारी. सर वाटभर त्याच्या चुका काढत होते. उत्तर दिशा तिकडे नाही, हा नाला त्या नाल्याला मिळत नाही. शालिक "हो सर" म्हणत गाडी चालवत होता, आणि एकदा तर तो मुद्दाम चुकीचं बोलला असा मला संशय आहे. मग गाडी थांबली. पुढची वाट पायाची होती. मायला शालिकनं धरलं, सरांनी छत्री टेकत टेकत चढण चढली.

वळणावर तो उभा होता, गुडघाभर, शेंदरानं माखलेला. कुठेही बाण दिसत नव्हता. लोकांनी वाटेत मोडून आणलेल्या डहाळ्या एकेक करून त्याच्या पायाशी ठेवल्या, हात जोडले आणि ते बाजूला झाले. शालिकच्या मायनं ठेवली आणि ती जुन्या गावाच्या दिशेनं बघत उभी राहिली. सर एवढा वेळ लांब उभे होते. मग त्यांनी शेजारच्या झाडाची एक डहाळी मोडली. सर पुढे गेले, वाकायला त्यांना वेळ लागला, आणि त्यांनी ती डहाळी दगडाच्या पायाशी ठेवली. हात जोडले नाहीत. कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि सगळ्यांकडे वळून त्यांनी खुलासा केला, कारण खुलासा केल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

"ही पूजा नोहे," ते म्हणाले. "मी सारलता. वापस ठेवून राह्यलो."

शालिकची माय त्यांच्याकडे बघत होती. मग ती निखाऱ्यांपाशी गेली, रोडगा फोडला, त्यावर तूप सोडलं आणि पान त्यांच्या हातात दिलं. या वेळी ती जेवण आहे असं म्हणाली नाही, आणि सरांनीही विचारलं नाही.